हजेरी

साडेबारा होऊन गेलेत.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली.
दिवसभराचं ऊन अजून छताला चिकटलेलं,
कीबोर्डच्या फटींत कापसाचं तूस.

माझा प्रोग्राम पोरं जन्माला घालतो,
मागामागे एक.
किती वार विणलं, किती वेळा धागा तुटला
ते मोजायचं आणि मरायचं,
एवढंच त्यांचं आयुष्य.
मोजतात. मरतातही वेळेवर.
पण यादीत नावं तशीच:
काही खात नाहीत, काही मागत नाहीत,
फक्त आपापला नंबर अडवून बसतात.
ऐंशी. तीनशे. अकराशे.
पहाटेपर्यंत नंबरच उरणार नाहीत
आणि नव्या पोराला जन्मायला जागा नाही.

नाना डबा घेऊन आले, लुनावरून,
बहात्तराव्या वर्षी, एवढ्या रात्री.
साखर पेठेतल्या शेडमध्ये छत्तीस वर्षं मुकादम.
(शेडच्या जागी आता मोबाईलची दुकानं आहेत.)
"कशानं अडलंय?"
"मेलेत, पण जात नाहीत."
त्यांनी कडक भाकरी मोडली,
शेंगाचटणीत दही कालवलं,
एक घास खाल्ला, मग म्हणाले,
"काय करून आलात, हे विचारलंस का त्यांना?"

नव्हतं विचारलं.

पाळी सुटायची तेव्हा नाना दाराशी स्टुलावर,
मांडीवर लाल कापडाची वही.
माग थांबला म्हणजे माणूस सुटला असं नव्हतं.
चिलवेरी: बेचाळीस नग, दोन डागी.
गज्जम: अडतीस, धोटा फुटला.
यल्लप्पा: काहीच नाही, अंगात ताप.
तेही लिहायचं.
माझ्याकडे शून्य परत आलं की सगळं ठीक;
त्यांच्या वहीत शून्य आलं
की कुणाच्या तरी घरी चूल गप्प.
लिहून झालं की ते मान हलवत,
आणि मगच माणूस आपली चप्पल शोधे.

मध्ये कुणी नसलं की ते बसल्या बसल्या डुलकी काढत.
आई मात्र दर पाच मिनिटांनी उठून
गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन येई.
तीही वाटच बघायची,
पण तिची रात्र संपून जायची त्यात.
नाना झोपत, आणि पाऊल वाजलं की
डोळ्यांआधी त्यांचा पेन उघडे.

एका मंगळवारी मालकच गेला.
शेडला कुलूप, आत अर्धी विणलेली चादर,
बाहेर चाळीस माणसं, कुणाला हिशेब द्यायचा कळेना.
तेव्हा विडी घरकुलातली लच्चम्मा,
वस्तीत सगळ्यांत आधी राहायला आलेली,
जिच्या घराचा नंबरच एक,
सूप मांडीवरून न उतरवता म्हणाली,
या, बसा, सांगा.
तिला लिहिता येत नव्हतं.
पण चाळीस जणांचं उरलंसुरलं
तिनं पानं कातरता कातरता ऐकून घेतलं,
आणि ते आपापल्या वाटेनं सुटले.
मशीनमध्येही असा एक नंबर असतो,
ज्यांचा बाप आधी जातो
त्यांच्यासाठी.

मी एक ओळ लिहिली.
थांब. एकेक येईल. विचार. मग सोड.
यादी वरून खाली रिकामी होत गेली,
लुगड्याची घडी उलगडावी तशी.
"सगळे आले?"
"आले, नाना."
त्यांनी डबा बांधला.
चप्पल घातली नाही.

अंबादास, माझा धाकटा,
नऊ वर्षांपूर्वी सुरतेला गेला.
दुकानं झाली, वही मात्र घरी आहे.
शेवटच्या पानावर त्याचं नाव, तारीख,
पुढचा रकाना कोरा.
मला वाटायचं शाई संपली असेल.

स्टूल नाही, म्हणून ते खुर्चीत डोळे मिटून बसलेत.
बाहेर वळणावर एखादा ट्रक गियर बदलतो.
एक डोळा उघडतो.
"वच्चिंडा?"
आला का.
मी नाही म्हणतो.
डोळा मिटतो.